मनाईसाठी परवाना

बसडेपोत त्याला सगळे सावकाश म्हणत. खरं नाव वेगळं होतं, पण ते हजेरीच्या वहीबाहेर कुणी वापरत नसे. बसखालचा जॅक कुणी खाली घ्यायला लागलं की कुठल्या तरी कोपऱ्यातून याचा आवाज यायचा, "सावकाश." चाकाचे नट आवळताना सावकाश, ब्रेकचं तेल भरताना सावकाश. तेवीस वर्षं तो ब्रेकच्या खात्यात होता. त्याच्या हाताखालून गेलेली बस कधी थांबायची राहिली नाही एवढीच त्याची ख्याती, आणि ती त्याला भरपूर होती.

गंमत अशी की हाच माणूस रविवारी शर्यतीत गाडी पळवायचा.

शहराबाहेर एक जुनी धावपट्टी होती. विमानं येणं केव्हाच बंद झालं होतं. तिथं रेसिंग संघटनेनं सरळ शर्यतीची पट्टी केली होती. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, हिरवा दिवा लागायचा, आणि पाव मैलावरची रेषा जो आधी ओलांडेल तो जिंकला. सगळा कारभार बारा-तेरा सेकंदांचा. तिथं पळायला संघटनेचा परवाना लागायचा, दर दोन वर्षांनी नवा करावा लागणारा. सावकाशची गाडी जुनीपुराणी, दोन दारांची, डेपोत उरलेल्या हिरव्या रंगानं बॉनेट रंगवलेली. इंजिन त्याच्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, स्वतःच्या लेथवर तासून उभं केलेलं. ब्रेक अर्थातच याचे. डेपोतली माणसं म्हणत, यांच्यात वाटणी झालीय, दादा गाडी पळवतो आणि सावकाश थांबवतो.

त्याला वेग आवडायचा, यात शंका नाही. पण त्याला आवडायचा तो कुंपणातला वेग. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कठडे, शेवटी वाळूचं मैदान, इंजिन चालू ठेवून उभी असलेली रुग्णवाहिका, आणि दर वेळी सीटच्या पट्ट्यांना हिसका देऊन बघणाऱ्या तपासनीस बाई. बाकीचे चालक त्या बाईंना वैतागायचे. हा मात्र त्या पुढच्या गाडीकडे गेल्या की हळूच हाक मारायचा, "बाई, डावीकडचा पट्टा बघायचा राहिला तुमचा."

तर अशा माणसाच्या दारात टीव्ही येऊन उभा राहिला.

एका वाहिनीनं नवा कार्यक्रम काढला होता. त्यात शर्यत पट्टीवर नव्हती, खऱ्याखुऱ्या रस्त्यावर होती. रात्री रस्ता अडवायचा, दुकानांच्या मधून दोन गाड्या सोडायच्या, कडेला गर्दी, सगळीकडे कॅमेरे. हिरव्या बॉनेटच्या गाडीचं चित्रण त्यांनी कुठंतरी पाहिलं आणि दादाच्या वर्कशॉपात फोन केला. दादा त्याच दिवशी संध्याकाळी मिठाईचा पुडा घेऊन आला.

"मी हो म्हणून टाकलंय," तो चपला काढता काढता म्हणाला. "आपलं इंजिन घराघरांत दिसणार. वहिनी कुठंय? म्हणावं, चहा टाक, आता आम्ही टीव्हीवाले झालो."

"तुमची वहिनी नव्हे ती, भावोजी, मी तुमची भावजय," सावकाशची बायको आतून म्हणाली. "टीव्हीवर जायच्या आधी नाती तरी नीट शिका."

सगळे हसले. सावकाशही हसला. नाही म्हणायची ती वेळ होती आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

दादाला नाही म्हणायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती. वडील गेले तेव्हा दादा पंधराचा होता आणि हा आठचा. दादानं शाळा सोडली आणि लेथसमोर उभा राहिला, तो अजून उभाच होता. याला शिकवलं, डेपोत लावलं, लग्न लावून दिलं. दादा बोलका, मोठ्या आवाजाचा, हजार बेत करणारा. त्यातला एकही बेत कधी टीव्हीपर्यंत पोचला नव्हता. त्या संध्याकाळी दादाचा चेहरा असा खुलला होता की त्याकडे बघून वेडंवाकडं काही बोलणं याला जमलंच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं तो रस्ता बघायला गेले. वाहिनीचा एक माणूस आला होता, गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन. रस्ता गोदामांचा आणि दुकानांचा होता. एका बाजूला फरशांचं दुकान, पुढं बसथांबा, त्याचं लोखंडी बाकडं थेट रस्त्यात आलेलं. एका विजेच्या खांबाला कुणीतरी केव्हातरी धडकलं होतं, तो अजून वाकलेलाच होता. गटाराचं झाकण रस्त्यापेक्षा बोटभर वर. सावकाश त्या झाकणाजवळ उकिडवा बसला आणि त्यानं त्यावर हात फिरवला.

"प्रेक्षक कुठं उभे राहणार?" त्यानं विचारलं.

"इथंच, कडेला," वाहिनीचा माणूस म्हणाला. "जवळून मजा येते ना."

"आणि मध्ये?"

"दोरी लावतो आम्ही."

सावकाशनं दोरी हा शब्द मनात दोनदा म्हणून पाहिला. मग जिथं शर्यत संपणार होती तिथून तो पावलं टाकत पुढं गेला. एकशे ऐंशी पावलांवर रस्ता संपत होता. समोर आडवा रस्ता, आणि त्यापलीकडे शिंप्याचं दुकान. काचेमागं कोट घातलेला एक पुतळा उभा होता, बिनडोक्याचा. गाडीला थांबायला किती अंतर लागतं हे सावकाशला पाठ होतं. निम्मं आयुष्य त्यानं त्याच एका प्रश्नात घालवलं होतं. जेवढं लागणार होतं त्याच्या निम्मंही अंतर या रस्त्यावर नव्हतं.

"कसा वाटला?" दादानं मागून विचारलं.

"चांगला रुंद आहे," सावकाश म्हणाला, आणि आपल्याच तोंडून हे कसं निघालं याचं त्याला नवल वाटलं.

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. डोळे मिटले की तो कोटवाला पुतळा जवळ जवळ येऊ लागे. जेवताना घास तोंडात फिरायचा. डेपोत त्यानं एकाच चाकाचे नट तीनदा तपासले आणि बाकीचे एकमेकांना खुणा करू लागले. बायकोनं विचारलं तर म्हणाला पित्त झालंय. तिनं दोन दिवस पित्तावरची गोळी दिली, तीही त्यानं मुकाट गिळली.

मग आठवड्याभरानं संघटनेचं पत्र आलं. ते मुलीच्या फोनवर आलं, कारण याच्या फोनवर आलेलं पत्र याला कधीच सापडत नसे. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं जेवणाच्या टेबलाशी बसून मोठ्यानं वाचलं.

"सर्व परवानाधारक चालकांस. सार्वजनिक रस्त्यावर, संघटनेचे सुरक्षा नियम न पाळता घेतल्या जाणाऱ्या शर्यतींचं काही वाहिन्या चित्रीकरण करत आहेत. अशा शर्यतीत भाग घेणाऱ्या चालकाचा परवाना रद्द करण्यात येईल. रस्ता बंद केला होता, किंवा शर्यत केवळ कार्यक्रमापुरती होती, हे कारण ऐकून घेतलं जाणार नाही." ती थांबली. "अय्या बाबा. म्हणजे तुम्हाला नाही जाता येणार."

"नाही जाता येणार?" सावकाशनं विचारलं.

"रद्द करणार म्हणे परवाना."

"पुन्हा वाच बरं."

तिनं पुन्हा वाचलं. त्याला तिसऱ्यांदाही ऐकायला आवडलं असतं. त्यानं चेहरा जमेल तेवढा पाडला, हात धुवायला म्हणून उठला आणि न्हाणीघरात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते त्यानं अनेकदा ऐकलं होतं. आज तो पडल्याचा आवाजसुद्धा आपल्याला आला असं त्याला वाटलं. बाहेर येऊन त्यानं आणखी भात मागितला. बायको वाढता वाढता त्याच्याकडे बघत राहिली.

"पित्त उतरलं वाटतं," ती म्हणाली.

हे सुख संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी दादा आला. पत्र वाचून तो असा तापला की पंखा वाढवावा लागला.

"जळतात. स्वतःला टीव्हीवर कुणी बोलवत नाही म्हणून दुसऱ्यांच्या पायात पाय. तीस माणसं येतात रविवारी बघायला, त्यातली दहा तर चहावाल्याची. आणि म्हणे परवाना रद्द करू."

"नियम आहे, दादा," सावकाश म्हणाला. त्याच्या सुरात दुःख बेताचंच होतं. "आपला काय इलाज."

"बघू तुझा परवाना. कधीपर्यंत आहे?"

सावकाशनं खुशीत पाकीट काढलं आणि परवाना पुढं केला. दादानं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. वाचलं. पुन्हा वाचलं. आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अरे मूर्खा," दादा प्रेमानं म्हणाला, "याची मुदत संपून तीन आठवडे झाले."

खरंच संपली होती. पट्टीवर नवा थर टाकायचं काम चालू होतं, म्हणून दोन महिने शर्यती बंद होत्या. शर्यती नाहीत म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून परवान्याकडे कुणी पाहिलं नाही. बसचा एकेक कागद तारखेबरहुकूम ठेवणारा माणूस, पण स्वतःच्या पाकिटातली तारीख त्याला दिसली नव्हती.

"म्हणजे तू परवानाधारक नाहीसच," दादा म्हणाला. "तुझं काय रद्द करणार ते? तू मोकळा. रान मोकळं." त्यानं टेबलावर थाप मारली. "शनिवारी सकाळी अकराला त्यांचा फोन येणार आहे पक्कं करायला. मी इथंच येतो. सगळे मिळून बोलू."

मुलीनं टाळ्या वाजवल्या. सावकाश पाकीट बंद करायचं विसरून तसाच बसला.

बुधवारी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा काढली. घरी सांगितलं नाही, डेपोत दाढ दुखतेय म्हणून सांगितलं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. शनिवारच्या अकराच्या आत आपल्याला परवाना मिळाला पाहिजे. परवाना मिळाला की मनाई मिळाली. आजवर लोक परवाना काढत आले ते काहीतरी करता यावं म्हणून. आपल्याला तो करता येऊ नये म्हणून हवाय, हे त्यालाही जरा चमत्कारिक वाटत होतं. पण बसमध्ये उभं राहून त्यानं ते सगळ्या बाजूंनी उलटसुलट करून पाहिलं आणि त्यात त्याला कुठं खोट सापडली नाही.

परवान्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागत असे. दवाखाना डेपोच्या मागच्या गल्लीत होता. डॉक्टरीण बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी डोळे तपासले, गुडघ्यावर हातोडी मारली आणि मग दंडाला पट्टा गुंडाळून हवा भरली. काट्याकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"एकशे बहात्तर. आधी कधी रक्तदाबाचा त्रास?"

"नाही."

"दोन आठवडे गोळ्या घ्या, मीठ कमी करा, मग बघू. आत्ता दाखला नाही देता येणार."

सावकाश खुर्चीतून अर्धा उठला. "दोन आठवडे नाही चालणार हो. शनिवारच्या आत परवाना नाही मिळाला तर मला शर्यतीत गाडी चालवावी लागेल."

डॉक्टरीण बाईंनी पेन खाली ठेवलं. "उलट बोलताय तुम्ही. परवाना नसेल तर चालवता येणार नाही."

"नाही ना. नसेल तरच चालवावी लागेल. असला तर सुटलो."

बाहेर चार माणसं ताटकळत होती. तरी बाईंनी खुर्ची जरा मागं घेतली आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा."

त्यानं सांगितलं. कार्यक्रम, दादा, मिठाईचा पुडा, गटाराचं झाकण, दोरी, एकशे ऐंशी पावलं. पुतळ्याचंही सांगितलं, जे तो स्वतःशी सुद्धा धड बोलला नव्हता. सांगता सांगता त्याच्या तोंडून निघून गेलं, "मला भीती वाटते हो. फार भीती वाटते." इतके दिवस छातीवर कुणी बसून होतं, ते उठून बाजूला झाल्यासारखं त्याला वाटलं.

बाईंनी काही उपदेश केला नाही. शिपायाला सांगून त्याला पाणी दिलं, बाहेरच्या बाकड्यावर बसवलं, मधल्या वेळात दोन पेशंट तपासले, आणि पुन्हा आत बोलावून पट्टा बांधला.

"एकशे चौतीस," त्या म्हणाल्या. काटा खोटं बोलत नाही ना म्हणून त्यांनी दुसऱ्या दंडावर पुन्हा पाहिलं. "एकशे बत्तीस. हे औषध माझ्या कपाटात नाही. भावाशी बोललात का हे?"

"नाही."

"मला बोललात तसं त्यांना बोला."

"तुमची ओळख नाही म्हणून जमलं," सावकाश म्हणाला.

बाईंनी हसू दाबत दाखल्यावर सही केली, आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला या म्हणून बजावलं.

संघटनेचं कार्यालय टायरच्या दुकानावर, एका अरुंद जिन्यानं वर. आत एक टेबल, एक कपाट, भिंतीवर पट्टीचा नकाशा आणि सगळीकडे रबराचा वास. टेबलामागच्या कारकून बाईंसमोर परवान्यांचा एक गठ्ठा होता, रबरबँड लावून ठेवलेला.

"परत करायला आलात ना?" मान वर न करताच त्यांनी विचारलं. "त्या डब्यात टाका आणि वहीत नाव लिहा."

"नाही. घ्यायला आलोय."

कारकून बाईंनी मान वर केली. "घ्यायला?"

"नूतनीकरण. आज मिळेल का?"

"अहो, या आठवड्यात अकरा जणांनी परत केले. सगळ्यांना टीव्हीवर जायचंय. तुम्ही पहिलेच आलात उलट्या दिशेनं." त्यांनी त्याचा अर्ज, दाखला, फोटो एकेक करून पाहिलं. "तीस वर्षं आम्ही पोरांच्या मागं लागतोय, रस्त्यावर नको, पट्टीवर या. जे यायचे त्यांना कठडे, रुग्णवाहिका, सगळं दिलं. आता आमचीच माणसं टीव्हीवर त्याच रस्त्यावर पळताना दिसली, तर पोरांना कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून ते पत्र. लोकांना वाटतं आम्ही आडमुठे आहोत."

"मला नाही वाटत," सावकाश मनापासून म्हणाला.

"मग इथं सही करा. मनाईचं पत्र वाचलंय आणि मान्य आहे म्हणून."

त्यानं सही केली, इतकी ठसठशीत की कागदाच्या मागे उमटली. खाली कंसात पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली, आणि विचारलं, "आणखी कुठं सही करायचीय का?"

"नको, एवढी पुरे," कारकून बाई म्हणाल्या. "मनाईवर इतक्या आनंदानं सही करणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

तासाभरात परवाना तयार झाला. जिना उतरताना सावकाशनं तो दोनदा काढून पाहिला. खाली टायरच्या दुकानाबाहेर थांबून, त्यातल्या त्यात उजेडात, तिसऱ्यांदा पाहिला. दोन वर्षांची मुदत. दोन वर्षं आता कुणीही, कितीही मिठाई घेऊन आलं तरी, त्याला त्या रस्त्यावर नेऊ शकत नव्हतं. त्या रात्री तो तीन तास सलग झोपला. उरलेला वेळ शनिवारी दादाला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत पडून राहिला. शेवटी एकच वाक्य ठरलं, "परवाना मिळाला रे, आता नाइलाज आहे." त्यात त्याला स्वतःचं काहीच बोलावं लागत नव्हतं. तेच त्याला त्यात आवडलं.

शनिवारी दादा साडेदहालाच आला, इस्त्रीचा सदरा घालून, जणू फोनवरच्याला तो दिसणार होता. बायकोनं चहा आणि बिस्किटं ठेवली. मुलगी फोन मधोमध ठेवून बसली. सावकाशनं खिशातून परवाना काढला आणि बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवला.

"परवाना मिळाला रे," तो म्हणाला. "आता नाइलाज आहे."

दादानं तो उचलला. तारीख पाहिली. "बुधवारी काढलास?"

"हो."

"मला न सांगता?"

"नियमात राहिलेलं बरं, म्हटलं."

दादा थोडा वेळ परवाना बोटांत फिरवत राहिला. मग त्यानं तो परत बशीशेजारी ठेवला. "हरकत नाही. परत देऊन टाक. बाकीच्यांनी दिलेतच की. आज फोनवर हो म्हणू, सोमवारी जाऊन देऊन ये."

सावकाशचं एकुलतं एक वाक्य संपलं होतं. ज्यासाठी त्यानं खोटी दाढ दुखवली, दंडाला तीनदा पट्टा बांधून घेतला, तो कागद चहाच्या कपाशेजारी पडला होता आणि त्याच्यात आता काही दम नव्हता. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं चहाची किटली खाली ठेवली आणि ती आत गेली नाही, तिथंच थांबली.

"दादा," तो म्हणाला, "मला नाही चालवायची तिथं."

"का?"

"भीती वाटते."

दादा हसायला लागला, मग थांबला. "तुला? पट्टीवर इतकी वर्षं..."

"पट्टीवर थांबायला जागा आहे. तिथं नाही. मी पावलांनी मोजलंय. कडेला माणसं उभी करणार आणि मध्ये दोरी बांधणार. ब्रेक मी लावलेत रे, मला माहितेय त्यांना किती जागा लागते."

"मग तिथंच का नाही बोललास? रुंद आहे म्हणालास तू मला."

"तू केवढा खूश होतास."

दादानं एक बिस्किट उचललं, चहात बुडवलं, आणि ते तसंच बुडवून ठेवलं. अर्धं बिस्किट कपात पडलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. इतक्यात फोन वाजला.

कुणी काही म्हणायच्या आत मुलीनं सवयीनं स्पीकर लावला. "नमस्कार, नमस्कार," वाहिनीचा माणूस म्हणाला. "मग पक्कं समजू ना?"

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादानं घसा साफ केला. सावकाशनं टेबलाची कड धरून ठेवली होती.

"नाही," दादा म्हणाला. "माझा भाऊ चालवणार नाही."

"परवान्याचं काही असेल तर..."

"परवान्याचं नाही. त्याला नाही चालवायची, म्हणून नाही."

तो माणूस उत्साहानं म्हणाला, "मग तुम्हीच चालवा की. इंजिन तुमचं, गाडी घरची. तुम्हाला तर परवान्याचा प्रश्नच नाही. तो थोरला भाऊ, इंजिन बनवणारा, स्वतः मैदानात. प्रेक्षकांना फार आवडेल."

"मी?" दादा म्हणाला.

"हो, तुम्ही."

दादानं इकडंतिकडं पाहिलं. "नाही हो, म्हणजे, मला त्या दिवशी काम आहे."

"दिवस अजून ठरलेला नाही."

"तरी असेल," दादा म्हणाला. "कामाचं काही सांगता येत नाही."

पहिल्यांदा मुलीला हसू फुटलं. मग बायकोला. ती तोंडावर पदर धरून ओट्याकडे वळली, पण खांदे हलत होते. सावकाशनं बराच वेळ ओठ दाबून धरले, मग त्याचाही बांध फुटला. दादानं स्पीकरवर तळहात ठेवून "गप्प बसा रे" असं हळू म्हटलं, "बरंय, ठेवतो" असं मोठ्यानं म्हटलं, आणि फोन उलटा करून ठेवला.

"माझी गोष्ट वेगळी आहे," तो म्हणाला. "मला सवय नाही."

"हो ना, भावोजी," बायको डोळे पुसत म्हणाली. "आणि काम पण आहे तुम्हाला."

"आहेच. दोन सिलिंडर यायचेत बोअर करायला." मग स्वतःच हसला, कपातलं बिस्किट चमच्यानं शोधू लागला. "तो रस्ता मलाही जरा अरुंद वाटला होता. पण तू रुंद म्हणालास. म्हटलं, चालवणाऱ्याला जास्त कळतं."

"मी तुझ्याकडे बघून म्हणालो."

"आणि मी तुझ्याकडे बघून." दादानं चमचा ठेवला. "झोपला नाहीस वाटतं. डोळे बघ कसे झालेत. किती दिवस?"

"अकरा."

"गाढवा. फोन करायचा मला."

"तुलाच?"

दादानं परवाना उचलून सावकाशच्या खिशात घातला, वरून खिसा थोपटला, आणि घड्याळ बघत म्हणाला की वर्कशॉप उघडायचंय. दारात चपला घालताना मात्र जरा घुटमळला. टीव्हीवर जायचं राहिल्याचं त्याला लागलं होतं, ते लपत नव्हतं. मुलीनं त्याला सांगितलं, "काका, मी काढते ना तुमचं चित्रण, वर्कशॉपात. इंजिन दाखवा, बोला, मी टाकते इंटरनेटवर." दादा म्हणाला, बघू, सदरा तर इस्त्रीचा आहेच.

तो गेल्यावर सावकाश जेवला, खाटेवर आडवा झाला आणि पांघरूण घ्यायच्या आत झोपला. दुपारी डेपोतून फोन आला, एका बसच्या मागच्या ब्रेकबद्दल काही विचारायचं होतं. मुलीनं सांगितलं, बाबा झोपलेत.

"या वेळी? आजारी आहे का?" पलीकडच्यानं विचारलं.

तिनं आत डोकावून पाहिलं. त्याचं तोंड थोडं उघडं होतं आणि एक हात खाटेबाहेर लोंबत होता.

"नाही," ती म्हणाली. "छान आहेत. उद्या करा फोन."